पशुपालकांना विचारलं, पण ऐकलं का? हे तपासताना या चुका टाळा

कृषी विज्ञान केंद्राची वैज्ञानिक सल्लागार समिती, 'आत्मा' या कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेचा जिल्ह्याचा आराखडा, कृषी विद्यापीठांची संयुक्त ॲग्रेस्को (संशोधनाच्या शिफारशींवर निर्णय घेणारी बैठक), शिवाय नागपूरचं माफसू, म्हणजे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. पशुपालकाचं म्हणणं संशोधकांपर्यंत पोहोचवणाऱ्या वाटा महाराष्ट्रात कागदावर तरी भरपूर आहेत. त्या वाटांनी प्रत्यक्षात काही जातं का, याचं मूल्यमापनही अधूनमधून होतं. पण मूल्यमापन करणारेच ठरावीक ठिकाणी फसतात.

हजेरीपत्रकावर विसंबणं

किती मेळावे झाले, किती सह्या आल्या, त्यात महिला किती, एवढ्यावर अहवाल उभा राहतो. सह्या चहा-नाश्त्याच्याही असतात. त्यापेक्षा इतिवृत्त उघडा. 'पशुधनाबाबत सविस्तर चर्चा झाली' एवढीच ओळ असेल, तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत तिथे काही घडलं नाही असंच धरा.

सोपा उपाय असा: लोकांनी मांडलेली एकच अडचण घ्या, समजा 'संकरित गाय सारखी उलटते' (रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते), आणि त्या अडचणीचा माग काढा. इतिवृत्तात ती कोणत्या शब्दांत उतरली? पुढच्या वर्षीच्या प्रस्तावांत आली का? मंजूर झाली की गळली, आणि कोणाच्या टेबलावर गळली? अशा आठ-दहा अडचणींचा माग काढलात की संस्थेचं खरं चित्र समोर येतं.

'कोणतं संशोधन हवं?' असं थेट विचारणं

याचं उत्तर ठरलेलं आहे: डॉक्टर वेळेवर येत नाहीत, पेंड महागली, अनुदान द्या. मग अहवालात शेरा पडतो की पशुपालकांची मागणी सेवांची आहे, संशोधनाची नाही. हा शेरा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण चूक प्रश्नाची असते आणि खापर फुटतं उत्तर देणाऱ्यावर.

त्याऐवजी गेल्या वर्षी कोणतं जनावर गेलं, कोणतं विकावं लागलं आणि का, हे विचारा. 'म्हैस गाभण राहत नाही' या एका वाक्यामागे चार गोष्टी असू शकतात: उन्हाळ्यातला मुका माज (बाहेरून लक्षणं न दिसणारा), कृत्रिम रेतन उशिरा होणं, खनिज मिश्रणाचा अभाव, किंवा कंटेनरमधला द्रव नायट्रोजन कमी पडून गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या खराब होणं. यातली शेवटची गोष्ट सेवेची आहे. मुका माज गोठ्यातच कसा ओळखायचा, हा मात्र संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो. ही वर्गवारी मूल्यमापन करणाऱ्याने करायची असते, पशुपालकाने नव्हे.

माणूस एक आणि विचारलं दुसऱ्यालाच

शेळ्यांचं बहुतेक काम बायका करतात, बैठकीला येतो घरचा पुरुष. संध्याकाळी पाचची वेळ ठेवली तर धारेची वेळ सोडून कोण येणार? धनगरांची गोष्ट तर आणखी वेगळी. दिवाळीनंतर पठारावरचे कित्येक वाडे (कळपासह फिरणारी कुटुंबं) घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत गावात सर्वेक्षण केलं तर मेंढपाळ सापडणारच नाहीत, आणि अहवालात 'मेंढीपालकांचा प्रतिसाद अल्प' असं छापून येईल.

विचारण्यातली ही चूक किती महाग पडते, ते मेंढ्यांच्या संशोधनात दिसतं. दख्खनी मेंढीत मेरिनो, रॅम्बुले यांचं रक्त मिसळून लोकर सुधारण्याचे प्रयोग झाले. मेंढपाळाची कमाई मात्र मुख्यतः मटणाची. लोकर त्याच्या हिशेबात फारशी नव्हतीच, आणि रोज मैलोगणती चालणाऱ्या कळपाला काटक जनावर लागतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पुढे वेगळी वाट धरली. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतला जुळी कोकरं देणारा 'फेकबी' जनुक दख्खनीत आणला आणि त्या मेंढ्या मेंढपाळांच्याच कळपांत ठेवून नोंदी घेतल्या. दोन कोकरांना आईचं दूध पुरेल का, चालत्या कळपात ती तगतील का, हे प्रश्न कळपातच तपासता येतात. माझ्या मते सल्लामसलतीचा हा प्रकार दहा बैठकांपेक्षा सरस. मूल्यमापनाच्या नमुन्यात मात्र त्याला रकाना नसतो.

सगळी मतं एकत्र मोजणं

वीस संकरित गाईंचा गोठेवाला आणि चार उस्मानाबादी शेळ्यांवर संसार रेटणारी भूमिहीन बाई यांची मतं एका यादीत घातली की मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) वर येतो आणि करडांची मरतूक तळाला जाते. 2019 च्या पशुगणनेत राज्यात शेळ्या एक कोटीच्या वर होत्या. तेव्हा जनावरानुसार आणि जमीनधारणेनुसार याद्या वेगळ्याच ठेवा, बेरीज करूच नका.

'समाधानी आहात का?'

ज्या खात्याकडून लस हवी, त्याच खात्याच्या माणसासमोर कोण नाही म्हणेल? समाधान विचारणारी ही प्रश्नावली परदेशातून उचलताना तिथली व्यवस्थाही बघावी. ऑस्ट्रेलियात गुरं विकताना दर जनावरामागे 5 डॉलर लेव्ही (सक्तीची वर्गणी) कापली जाते. तिचा काही भाग संशोधनाला जातो आणि सरकारही ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात तेवढीच भर घालतं. तिथला पशुपालक 'माझ्या पैशाचं काय केलं' असं विचारू शकतो. आपल्याकडे तो हक्क नाही, म्हणून त्याच्या 'हो, समाधानी' या उत्तराला वजन कमी.

मुलाखती गोठ्यावर घ्या, खात्याचा माणूस सोबत नेऊ नका आणि 'तुम्ही मागच्या वेळी काय सांगितलं होतं, त्याचं काय झालं?' एवढंच विचारा. 'काही कळलं नाही' हे उत्तर वारंवार आलं तर संस्थेकडे नाकारलेल्या मागण्यांची यादी कारणांसह मागा. ती बहुधा ठेवलेलीच नसते. मग पुढच्या बैठकीपासून ती ठेवावी, आणि बैठकीची सुरुवात तीच वाचून व्हावी, ही शिफारस अहवालाच्या पहिल्या पानावर घाला.