ट्रकचा मेकॅनिकल पंखा काढून इलेक्ट्रिक लावताय? आधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये लोड घेऊन कसारा घाट चढायला लागलं की इगतपुरी येईपर्यंत दोन-तीन गाड्या तरी कॅबिन उचलून कडेला उभ्या दिसतात, आणि विचारलं तर एकच उत्तर, रेडिएटरचा इंजिनवर फिरणारा पंखा गेलाय, आता इलेक्ट्रिकच टाकतो. थांबा जरा.

आधी टेंपरेचरचा काटा कधी चढतो ते बघा. घाटात, ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि सपाट रोडला स्पीड धरला की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. पण सपाटीला ६०-७० च्या स्पीडलाच तापत असेल तर समोरून वारा भरपूर मिळतोय, तिथे पंखा बदलून पैसे जातील फक्त, कुलंट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि चोक झालेला रेडिएटर बघा.

मोठ्या ट्रकला इलेक्ट्रिक का चालत नाही तर साधा हिशोब आहे. पूर्ण जोरात फिरताना मोठा पंखा इंजिनची सहज २० एचपी खातो, म्हणजे जवळपास १५ किलोवॅट, २४ व्होल्टवर हे ६०० अँपिअरच्या वर जातं, एवढा करंट देणारा अल्टरनेटर आपल्या गाडीवर नसतोच! पिकअपला इलेक्ट्रिक ठीक आहे, तिथे इंजिनच छोटं.

व्हिस्कस क्लच, म्हणजे गरम झालं की पंख्याला इंजिनसोबत फिरवणारा तेलाचा क्लच, खराब झाला की बरेच मिस्त्री बोल्ट मारून पंखा कायमचा जाम करतात. घरी पोचायला एक वेळ चालेल, पण तसंच चालवलं तर डिझेल जातं, आणि पंखा वॉटर पंपवर असेल तर बेअरिंगही. क्लच तपासायचा तर गाडी गरम असताना इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हाताने फिरवा, अडखळत फिरला पाहिजे, मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला. मधोमध धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसला तर आतलं सिलिकॉन ऑईल गळतंय.

पंख्याभोवतीचं कव्हर काढून ठेवू नका. माझ्या गाडीचं एका गॅरेजमध्ये काढलं ते परत लावलंच नाही, महिनाभर मी कुलंट बदलत बसलो, आणि पंखा मात्र बाजूची गरम हवाच परत परत ओढत होता.

पिकअपला इलेक्ट्रिक बसवलात तर रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर हवीच, आणि पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पुढून कागद धरून बघा, जाळीला चिकटला पाहिजे, उडाला तर वायर उलटी जोडलीय. काही गाड्यांत चावी काढल्यावरही हा पंखा अचानक सुरू होतो, म्हणून हात घालायच्या आधी बॅटरीची वायर काढा.