ब्लास्टरला काढता येणारी स्कोप रेल लावताय? आधी या चुका टाळा

गेल्या दोनेक वर्षांत माझ्याकडे "जरा बघ ना, स्कोप नीट बसत नाहीये" म्हणून जेवढे ई-11 ब्लास्टर (स्टार वॉर्समधल्या स्टॉर्मट्रूपरच्या बंदुकीचे कॉस्प्लेसाठी बनवलेले नकली प्रॉप) आले, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच. बॉडीची 3डी प्रिंट झकास, रंग झकास, घासून घासून लेयरच्या रेषा घालवलेल्या, आणि वरची रेल, म्हणजे स्कोप जिच्यावर बसतो ती पट्टी, मात्र एकतर कललेली, नाहीतर डुगडुगतेय, नाहीतर रंगाने अशी जाम झालेली की काढायला गेलं तर तुटेल. सगळ्यांना तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून इथे एकदाच लिहितो.

मुळात अडचण कुठे आहे ते बघा. 1977 च्या स्टार वॉर्समधला ई-11 हा खऱ्या ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीन गनवर बनवलेला होता आणि त्याच्यावरचा स्कोप म्हणजे अमेरिकन रणगाड्यातली एम-38 दुर्बीण. स्टर्लिंगची बॉडी म्हणजे साधारण 38 मिमीची गोल नळी. गोल नळीवर सरळ पट्टी बसवायची, तीही परत काढता येईल अशी, आणि लोक हे काम नजरेने करतात!

माझा सगळ्यात जास्त राग याच चुकीवर आहे. हिशोब करा, 38 मिमीच्या नळीवर तुम्ही परिघावर फक्त 1 मिमी चुकलात की रेल 3 अंश कलते, आणि स्कोप वर उंच असल्यामुळे त्याचा माथा जवळजवळ 3 मिमी बाजूला जातो. टेबलावर ठेवलंय तोपर्यंत कळत नाही, पण समोरून फोटो काढला की लगेच मान वाकडी दिसते. मी काय करतो, टी-ट्रॅक (नळीवर लांबीत लावायच्या काळ्या पट्ट्या) चिकटवायच्या आधी आणि खालचा फोल्डिंग स्टॉक काढून ठेवून, कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळतो, दोन टोकं जिथे भेटतात तिथे बरोबर कापतो, काढून मधोमध घडी घालतो. मग परत गुंडाळताना कागदाचा जोड खाली, ट्रिगर गार्डच्या मध्यरेषेत आणायचा, घडी आपोआप बरोबर वर येते. हे ग्रिपच्या पुढे एकदा आणि पुढच्या टोकाकडे एकदा करायचं, आणि दोन खुणा अ‍ॅल्युमिनियमचा एल अँगल नळीवर टेकवून जोडायच्या, कारण अँगल नळीवर ठेवला की त्याची कड नळीला समांतरच राहते. दहा मिनिटांचं काम आहे. ही दहा मिनिटं वाचवायला गेलेला माणूस नंतर अख्खा रविवार पुट्टी लावत बसतो, हे मी पाहिलंय.

दुसरी चुक, नुसत्या मॅग्नेटवर भरवसा. नवीन मुलांना मॅग्नेट फार आवडतात, कारण भोकं पाडायला नकोत, बोल्ट नको, ठेवलं की टक् करून बसतं. मीही एका ब्लास्टरला 10 मिमीचे चार निओडिमियम मॅग्नेट लावले होते. स्कोप रेझिनचा, चांगला जड. घरी हातात धरून उलटा केला, हलवला, काही झालं नाही, म्हटलं झालं काम. इव्हेंटच्या दिवशी जिन्यावरून उतरताना ब्लास्टर कठड्याला बाजूने लागला, जोरात पण नाही, आणि स्कोप रेलसकट सरकून तीन पायऱ्या खाली. आयपीसची (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाची) कडा तुटली, चार रात्री घालवून केलेलं वेदरिंग (जुनं, वापरलेलं दिसावं म्हणून केलेलं रंगकाम) गेलं, आणि ज्याच्यासाठी बनवला होता तो मुलगा दिवसभर बिनास्कोपचा ब्लास्टर घेऊन फिरला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मॅग्नेट सरळ ओढून काढायला जोर लागतो, पण बाजूला सरकवायला त्याच्या मानाने फारच कमी लागतो, आणि प्रॉपला धक्के नेहमी बाजूनेच बसतात.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. रेलची जागा 4 मिमीच्या दोन स्टीलच्या पिना धरतात आणि खाली दाबून ठेवायचं काम एक एम-3, म्हणजे 3 मिमी जाडीचा, बोल्ट करतो. रेलमधलं पुढचं भोक बरोबर गोल, मागचं किंचित लांबट, म्हणजे प्रिंट थोडी आकसली तरी रेल अडकत नाही. मॅग्नेट लावायचेच असतील तर पिनांच्या सोबत लावा, पिनांच्या ऐवजी नको.

बोल्टसाठी पितळी हीट-सेट इन्सर्टच (आतून आटे असलेली, गरम करून प्लास्टिकमध्ये बसवायची छोटी नळी) वापरा, प्लास्टिकमध्ये थेट आटे पाडले तर चार-पाच वेळा काढघाल केली की संपले. इन्सर्ट बसवताना सोल्डरिंग आयर्नने ढकलू नका, वजनाने आपोआप उतरू द्या, शेवटचा मिलिमीटर राहिला की आयर्न बाजूला करून सपाट पत्र्याने दाबा. आणि बोल्टची लांबी मोजा हो! आत एलईडीची वायर असते, 8 मिमीच्या जागी 12 चा बोल्ट फिरवून एकाने वायरच चिरडली होती आणि दोन दिवस बॅटरीला दोष देत होता.

बोल्ट सैल होतो म्हणून थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव) ओतणारेही आहेत. तो धातूवर धातूसाठी असतो, एबीएससारख्या प्लास्टिकवर ओघळला तर तडे जातात. नळवाल्याकडचा टेफ्लॉन टेप एक वेढा घ्या, पुरतो.

रंग देण्याआधी रेलच्या बसण्याच्या जागेवर मास्किंग टेप. प्रायमर, रंग, क्लिअर कोट मिळून जाडी वाढते आणि घट्ट बसणारी रेल बसेनाशी होते, मग लोक हातोडी घेतात. सुपरग्लू रंगवलेल्या भागाजवळ नकोच, त्याच्या वाफेने पांढरट डाग पडतात.

रेल आडवी झोपवून प्रिंट करा. उभी केली तर लेयरवरून काडीसारखी मोडते.

आयती फाइल मिळते म्हणून पिकाटिनी रेल (खऱ्या बंदुकांवर असते ती आडव्या खाचांची रेल) डकवणं, हे माझ्या डोळ्यांना सहनच होत नाही. ते स्टँडर्ड 1995 चं, पिक्चर 1977 चा. तुमचा स्वतःचा डिझाइन असेल तर खुशाल लावा, पण मग वीव्हर (तशीच दिसणारी दुसरी रेल) आणि पिकाटिनी एक समजू नका, वीव्हरची खाच साधारण 4.6 मिमी आणि पिकाटिनीची 5.2, त्यामुळे पिकाटिनीचा माउंट वीव्हर रेलवर बसेलच असं नाही.

पीएलए या 3डी प्रिंटिंगच्या प्लास्टिकची रेल मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. 60 अंशाच्या आसपास पीएलए मऊ पडतं, आणि पातळ लांब पट्टी सगळ्यात आधी वाकते. मी रेल पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचीच काढतो.

नेताना स्कोप आणि रेल वेगळी काढून जाड मोज्यात, ब्लास्टर बंद बॅगेत. लोकलमध्ये उघडा हातात नाहीच, लांबून बघणाऱ्याला तो खराच वाटू शकतो. बोल्ट आणि अ‍ॅलन की एका छोट्या डबीत, आणि त्या डबीत दोन जास्तीचे बोल्ट टाका, कारण हॉलच्या गालिच्यावर पडलेला काळा एम-3 बोल्ट परत सापडत नाही.