पॉलीहाऊसमधलं पाणी आणि रोगाचा फैलाव

ढोबळी मिरची असो वा जरबेरा, पॉलीहाऊसमध्ये पाइपाने वरून पाणी मारू नका, ठिबकने द्या. थेंब मातीवर आपटून उडतो आणि मातीतली बुरशी, जिवाणू खालच्या पानांवर नेतो. मिरचीवरचे जिवाणूजन्य ठिपके असेच पुढच्या झाडावर जातात. भुरी (पानांवर पांढरी पावडर दिसणारी बुरशी) मात्र वेगळी: तिला ओलं पान लागत नाही, दमट हवा पुरते. त्यामुळे ठिबक असूनही भुरी आली तर दोष ठिबकचा नाही.

90 सेंमी रुंदीच्या गादीवाफ्यावर 16 मिमीच्या दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या) टाका, दर 30 सेंमीवर ताशी 2 लिटरचा ड्रिपर (थेंब सोडणारं तोंड). नळी खोडाला चिकटू देऊ नका, खोडापासून 8-10 सेंमी दूर ठेवा. बुंधा सतत ओला राहिला की खोडकूज तिथूनच सुरू होते. ड्रिपरखाली 3 मिनिटं कप धरा, 100 मिली पाणी जमलं पाहिजे. फार कमी भरलं तर ड्रिपर चोंदलाय. जास्त भरलं तर तो लगेच बदला, कारण पाणी साचलेल्या त्याच जागेवरून मूळकूज वाफ्यात पसरते. लॅटरलची टोकं दर आठवड्याला उघडून गाळ सोडा.

कृष्णाकाठचं कॅनॉलचं किंवा उघड्या शेततळ्याचं पाणी वापरत असाल, तर रोग पाण्यातूनच येऊ शकतो. पिथियम आणि फायटोप्थोरा या मूळ-खोड कुजवणाऱ्या रोगकारकांचे बीजाणू पाण्यात पोहतात, फिल्टरने ते अडत नाहीत. म्हणून आधी गाळ काढायला सँड (वाळूचा) फिल्टर, मग डिस्क (चकत्यांचा) फिल्टर, आणि त्यानंतर बीजाणू मारायला क्लोरीन. 1000 लिटरला 30 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 10 ग्रॅम घेतली की 3 पीपीएम (लिटरला 3 मिलिग्रॅम) क्लोरीन होतं. पावडर बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं स्वच्छ पाणीच टाकीत ओता. चुन्याचा गाळ गेला तर ड्रिपर बंद पडतील. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून लॅटरलच्या टोकाला क्लोरीन तपासायच्या पट्टीने तपासा, 1 पीपीएम तरी राहिलं पाहिजे. ॲसिड किंवा खतं क्लोरीनसोबत कधीही सोडू नका. ॲसिडबरोबर विषारी वायू निघतो.

पाणी सकाळी द्या. फॉगर (हवेत बारीक तुषार सोडणारं यंत्र) दुपारच्या उन्हात, एका वेळी मिनिटभरच चालवा आणि चारनंतर बंद ठेवा. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात रात्री प्लॅस्टिकवर दव जमतं, ते पानांवर ठिबकतं आणि करड्या बुरशीला तेवढं पुरतं. ऊन पडल्यावर बाजूचे पडदे उघडून पानं सुकवून घ्या, मगच फवारणी किंवा तोडणीला आत शिरा.