पात्राचे कपडे उलटे करून बघा

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत ब्लाऊज शिवते आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की कथा लिहिते. माझ्या पहिल्या कथेतल्या सावकाराला मी पांढरंशुभ्र धोतर, जरीचा फेटा, बोटांत चार अंगठ्या, असं सगळं चढवलं होतं. मैत्रीण वाचून म्हणाली, "अगं, हा सावकार हाय का दुकानातला पुतळा?" चार दिवस बोलले नाही तिच्याशी. पण खरं होतं तिचं.

आता मी पात्रानं काय घातलंय ते नंतर बघते. त्या कपड्याचं आजवर काय काय झालंय ते आधी.

अल्टरला आलेला ब्लाऊज उलटा करा. बाजूला दाबून ठेवलेलं कापड सोडून तो सैल केलेला असतो. जुन्या शिवणीच्या जागी सुईची भोकं राहतात, आणि आतलं न विटलेलं कापड बाहेर आल्यानं काखेखाली गडद पट्टा दिसतो. बाई अंगानं भरली, पण नवा शिवला नाही. का? पैसे नाहीत? लग्नातला आहे? की त्या साडीवर दुसरा रंगच जुळत नाही? तीन कारणं, तीन वेगळ्या बायका. एक निवडा आणि हात वर करताना ती पदर कसा सावरते तेवढंच लिहा. 'गरीब पण स्वाभिमानी' असलं काही लिहावं लागत नाही.

वस्तूला काम द्या. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण 'त्याच्या पायात कोल्हापुरी होती' या वाक्यातून आमच्या गावात कुणाचाच पत्ता लागत नाही. त्यापेक्षा करकर वाजणारी चप्पल घाला. ती माणूस हौसेनं बनवून घेतो, आपण आलोय हे गल्लीला कळावं म्हणून. असा माणूस एका रात्री चपला हातात घेऊन घरात शिरतो. झालं की! तो कुठं काय हरून आलाय ते वाचक स्वतःच विचारतो.

नसलेली वस्तूही चालते. गळ्यातला २१ पानांचा साज गहाण पडलाय, लग्नात कुणी "साज कुठाय?" विचारायच्या आत बाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेते. उकाड्यात.

चेहऱ्याचंही तेच. पाणीदार डोळे, सरळ नाक ही वर्णनं स्थळाच्या पत्रिकेला ठीक. तालमीत कान मोडलेला पैलवान आता कुठंतरी शिपाई आहे आणि त्यानं केस कानांवर वाढवलेत, हे बघा. किंवा मुद्दाम बारीक कापलेत. दोघं वेगळे.

फक्त मळका म्हणजे वाईट, इस्त्रीचा म्हणजे सज्जन, हे हिशेब करू नका. माझ्याकडं सगळ्यात कडक इस्त्रीत येणारं गिऱ्हाईक शिलाई सगळ्यात जास्त बुडवतं.

सावकाराच्या तीन अंगठ्या मी नंतर काढून टाकल्या. एक ठेवली, दुसऱ्याच कुणाच्या मापाची. ती बोटात रुतलीय, साबण लावूनही निघत नाही. मुदत मागायला आलेल्याशी बोलताना तो ती फिरवायला बघतो.