दृष्टी गेल्यावर फोनवर मराठी टायपिंग कसं शिकवावं

काचबिंदू किंवा मधुमेहामुळे प्रौढ वयात दृष्टी गेलेल्या माणसाला अक्षरं चांगली ठाऊक असतात. अडतं ते गुळगुळीत काचेवर कळा शोधताना. अशा व्यक्तीला शिकवताना वेगाची घाई करू नका. आपली चूक आपणच ऐकून दुरुस्त करणं आधी जमू द्या. मग निरोप धाडायला कुणाची वाट पाहावी लागत नाही. इथल्या पायऱ्या अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक (स्क्रीनवर काय आहे ते बोलून सांगणारी सोय) आणि जीबोर्ड या गूगलच्या अ‍ॅपमधला मराठी कीबोर्ड धरून आहेत.

तयारी

सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक सुरू करा. आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की तो चालू-बंद होईल, असा शॉर्टकट लावा. बोलण्याची भाषा मराठी ठेवा, वेग कमी करा. ऑटो-रोटेट बंद करा, कारण फोन आडवा झाला की सगळ्या कळा जागा बदलतात.

फोन पूर्ण वेळ शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्या. अडलं की तो काढून घेऊन ‘मी करून देतो’ म्हणणारे मदतनीस फार असतात, आणि शिकणं तिथेच थांबतं. ‘इथे’, ‘तिकडे’ असं न म्हणता ‘उजव्या कडेला, खालून दुसरी ओळ’ असं सांगा. हालचाल दाखवायची असेल तर विचारून त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवायला सांगा.

आधी कडा, मग अक्षरं

कोरी नोट उघडून लिहिण्याच्या जागेवर दोनदा टॅप करायला सांगा. कीबोर्ड खालच्या भागात येतो. बोट काचेवरून सरकवलं की त्याखालची कळ ऐकू येते आणि बोट उचललं की ती उमटते. नको असलेली कळ ऐकू आली, तर बोट न उचलता कीबोर्डच्या वर सरकवून मग उचलावं. ही युक्ती पहिल्याच दिवशी द्या, भीती बरीच कमी होते.

फोनची खालची कड चाचपून स्पेस, उजव्या कोपऱ्यातलं एंटर आणि त्याच्या वरचं डिलीट शोधू द्या. या तीन जागा पक्क्या झाल्या की ‘कमल’, ‘घर’, ‘बदक’ असे बिनकान्याचे शब्द घ्या.

पुढे वेलांटी येते आणि इथे थोडं रेंगाळावं लागतं. हाताने ‘दिवा’ लिहिताना पहिली वेलांटी अक्षराआधी काढायची सवय असते. टाइप करताना मात्र आधी द, मग वेलांटी. जोडाक्षराचंही तसंच: ‘पुस्तक’मध्ये स, मग पाय मोडायची कळ, मग त. शिवाय व्यंजन उमटल्यावर कीबोर्डवर स्वरांच्या जागी मात्रा येतात, हे न सांगितल्यास माणूस गोंधळतो. म्हणून प्रत्येक अक्षरानंतर थांबून ऐकायची सवय लावा.

चूक शोधणं

मुद्दाम एक चुकीचा शब्द लिहायला सांगा. टॉकबॅकचं वाचन नियंत्रण, म्हणजे एका वेळी किती मजकूर वाचायचा ते ठरवणारी निवड, ‘अक्षरं’ या पर्यायावर आणा. एका बोटाने वर किंवा खाली स्वाइप केलं की कर्सर एकेक अक्षर सरकतो आणि अक्षर ऐकू येतं. चुकीच्या अक्षराच्या पुढे थांबून डिलीट. हा सराव रोज करा, कंटाळा आला तरी.

बोलून टाइप करण्याची सोय जरूर शिकवा, पण या पायरीनंतर. आडनावं, गावांची नावं हमखास चुकतात आणि ती दुरुस्त करायला हेच कौशल्य लागतं.

ब्रेल येत असेल तर टॉकबॅकचा ब्रेल कीबोर्ड पाहा. २०२० साली आलेला हा कीबोर्ड सहा बोटांनी चालतो आणि कळा शोधाव्याच लागत नाहीत. आयफोनवर व्हॉइसओव्हरमध्ये (तिथली टॉकबॅकसारखी सोय) ‘टच टायपिंग’ निवडलं की बोट उचलून टाइप करण्याची हीच पद्धत मिळते.

आकडे आणि पासवर्ड शेवटी घ्या. तेव्हा शिकणाऱ्याला इअरफोन लावायला सांगा, टॉकबॅकमधली स्क्रीन लपवण्याची सोय दाखवा आणि तुम्ही थोडे बाजूला बसा.