ढगामागची खोटी उघडीप कशी ओळखावी

ऑक्टोबरच्या दुपारी मी बदलापूरला गच्चीवर वाळवण टाकते, म्हणून पावसाच्या रडारचं चित्र बघायची सवय लागली. एकदा पडद्यावर आमच्या डोक्यावर काहीच नव्हतं आणि बाहेर धो-धो कोसळत होता. तेव्हापासून मी असं बघते.

आधी रडार कोणतं ते पाहा. कुलाब्याचं एस-बँड, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर तरंगलांबीचं. मुंबईतल्याच वेरावलीचं सी-बँड, सुमारे ५ सेंटिमीटरचं. तरंग जितका आखूड, तितका तो जोरदार पावसात आणि गारांत जास्त खर्ची पडतो, तोही जाताना आणि परतताना दोन्हीकडे; म्हणून त्यामागचा पाऊस पडद्यावर फिका दिसतो किंवा दिसतच नाही. एक्स-बँड, ३ सेंटिमीटरवालं, याबाबत सगळ्यात नाजूक.

मग चित्रावर रडारच्या जागेपासून जोरदार पावसाच्या लाल-जांभळ्या गाभ्यातून सरळ रेघ ओढा. गाभ्यामागे, त्याच रेषेत, पाचरीसारखी फिकट पट्टी दिसली की सावध व्हा. वेरावलीहून बघताना शिळफाट्यावर ढग फुटला, तर बदलापूर नेमकं त्या सावलीत येतं. खरी उघडीप अशी रडारकडे टोक करून बसत नाही.

आता कुलाब्याचं चित्र उघडा. तिथून कोन वेगळा, तरंग लांब. तिथे पाऊस दिसला की वाळवण उचला.

रडारवरच सर कोसळत असेल, तर त्याच्या अँटेनावरच्या ओल्या घुमटामुळे सगळीकडचाच पाऊस फिका दिसतो. अशा वेळी उपग्रहाचं चित्र बघा. आणि पूर्वेला गडगडत असेल, तर मी पडद्यापेक्षा कानांवर विश्वास ठेवते.