रेडवूडच्या सावलीतून समुद्रकड्यांवर: क्रेसेंट सिटी ते सॅन फ्रान्सिस्को सायकलने

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने सायकल चालवायची तर उत्तरेकडून दक्षिणेकडे. उन्हाळाभर इथे वायव्येचा वारा वाहतो आणि दुपारी तो चांगलाच जोर धरतो. उलट्या दिशेने निघालेल्याला सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखं वाटतं. शिवाय इथली वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला असतो आणि थांबायच्या जागांसाठी रस्ता ओलांडावा लागत नाही.

क्रेसेंट सिटी ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर, आतले छोटे रस्ते धरून, साधारण 640 किलोमीटर. सामानासह नऊ दिवस ठेवावेत. मेअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा, त्यातही सप्टेंबर उत्तम: धुकं कमी झालेलं असतं आणि सुट्टीतल्या मोठ्या मोटारघरांची गर्दी ओसरलेली असते. हिवाळ्यात पाऊस आणि दरडी. निघण्याआधी कॅलट्रान्स या राज्याच्या रस्ते विभागाची बंद रस्त्यांची माहिती बघावीच, कारण इथे एक रस्ता बंद झाला की वळसा शंभर किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो.

या प्रवासाचे दोन भाग आहेत आणि त्यांच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत. वाटेतल्या लेगेट गावापर्यंत मुख्यतः जंगल, तिथून पुढे समुद्रकडे. जंगलात सकाळी लवकर निघावं, कड्यांवर थोडं उशिरा. त्याचं कारण पुढे येतंच.

सायकल आणि गिअर

इथे एकही डोंगर फार उंच नाही, पण चढ संपतही नाहीत. म्हणून सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे, यावर सगळं अवलंबून. पुढे पेडलजवळ 28 दात्यांची चेनरिंग (दातेरी चाक), मागे कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या गिअरचक्रांत, सगळ्यात मोठं 34 दात्यांचं चक्र आणि 38 मिलिमीटरचा टायर असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 1.8 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग ताशी साडेसहा किलोमीटर. स्वार, सायकल आणि सामान मिळून 100 किलो वजन असेल, तर 8 टक्के चढावर त्यासाठी साधारण 150 वॉट ताकद लागते. तोच चढ रेसिंग सायकलच्या 34-28 जोडीवर (पुढे 34, मागे 28 दाते), तितक्याच फेऱ्यांनी चढायचा तर 200 वॉटच्या वर जावं लागतं. एकदा जमतं. दिवसात पंधराव्यांदा गुडघा तक्रार करतो.

टायर 35 ते 40 मिलिमीटर रुंद, मडगार्ड दोन्ही चाकांना. सामान 15 किलोच्या आत ठेवावं. एवढ्यात तंबूसह सगळं बसतं. जड वस्तू खाली आणि शक्य असेल तर पुढच्या पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्यांमध्ये). सगळं वजन मागे टाकलं की उतारावर हँडल थरथरायला लागतं. तसं झालं तर हँडल घट्ट आवळू नका. एक गुडघा फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवा आणि मागचा ब्रेक हळूहळू दाबा; थरथर विरते.

मागच्या चाकाचे, कॅसेटच्या बाजूचे स्पोक सगळ्यात जास्त ताणलेले असतात आणि ओझ्याखाली तेच आधी तुटतात. नेमक्या त्या लांबीचे तीन जादा स्पोक फ्रेमला चिकटवून ठेवा, आणि कॅसेट काढायचं हत्यार बरोबर घ्या. त्याच्याशिवाय ते स्पोक बसवता येत नाहीत, हे अनेकांना स्पोक तुटल्यावर कळतं. कॅरिअरचे बोल्ट रोज सकाळी हाताने हलवून बघावेत. खारट धुक्यात कोरडं चेन ऑइल टिकत नाही. ओल्या हवेचं ऑइल वापरा, रोज संध्याकाळी चेन पुसा, दर दोन दिवसांनी नवे थेंब सोडा.

जंगल: अंधार हा खरा धोका

क्रेसेंट सिटीतून बाहेर पडताच हायवे 101 समुद्रसपाटीवरून हजार फुटांच्या वर चढतो आणि लास्ट चान्स ग्रेड नावाच्या उतारावरून पुन्हा समुद्राकडे उतरतो. हा डोंगर सतत सरकत असतो, म्हणून इथे बरेचदा एकच मार्गिका चालू असते. झेंडेवाला असेल तर त्याच्याशी बोला आणि गाड्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी निघा. रांगेत पुढे राहिलात तर मागच्या सगळ्यांना तुमच्या वेगाने यावं लागतं, आणि तुम्ही पलीकडे पोचण्याआधी समोरची वाहतूक सुटण्याची भीती असते.

क्लॅमथ नदी ओलांडल्यावर 101 सोडून न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे धरा. सोळा किलोमीटरचा हा रस्ता रेडवूड या उंच वृक्षांच्या जुन्या जंगलातून जातो. जड ट्रक बाहेरच्या मुख्य रस्त्याने जातात, त्यामुळे इथे चाकांचा आवाजही ऐकू येतो. पार्कवेच्या दक्षिण टोकाला एल्क प्रेअरीचा तंबूंचा तळ आहे. तिथल्या कुरणात रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणं चरतात. त्यांच्यापासून किमान 25 मीटर लांब राहावं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात, तेव्हा आणखी लांब. एल्क रस्त्यात उभा असेल तर थांबायचं. घंटी वाजवून काही साधत नाही.

पुढे गार्बरव्हिलच्या उत्तरेला ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स, म्हणजे राज्यमार्ग 254, पन्नास किलोमीटर. इथली झाडं डांबराला खेटून उभी आहेत, त्यामुळे साइडपट्टी जवळजवळ नाही. ऊन चढलं की फांद्यांतून रस्त्यावर उजेडाचे कवडसे पडतात आणि त्या ठिपक्याठिपक्यांत सायकलस्वार गाडीवाल्याच्या नजरेतून अक्षरशः हरवतो. पहाटे किंवा ढगाळ सकाळी उजेड सारखा असतो आणि गाड्याही कमी. म्हणून जंगलात लवकर निघायचं. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा. जॅकेट भडक पिवळं किंवा नारिंगी, हिरवं मुळीच नको. काळा चष्मा जंगलात शिरताना काढा. सावलीतला खड्डा आणि मुळांनी उचललेलं डांबर त्यातून दिसत नाही. पडलेल्या सुयांसारख्या पानांचा ओला थर वळणावर साबणासारखा सटकतो, तेव्हा ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नाही.

रिचर्डसन ग्रोव्हमध्ये 101 अरुंद होतो आणि ट्रकही तिथूनच जातात. तिथे कडेला चिकटून चालवणं चुकीचं. चालकाला वाटतं की जागा आहे आणि तो घासून पुढे काढायला बघतो. मार्गिका सायकल आणि गाडी शेजारीशेजारी मावण्याइतकी रुंद नसेल, तर मधोमध चालवायची मुभा राज्याचा कायदा देतो. पण मागे पाच किंवा जास्त वाहनं साठली तर पुढच्या थांब्यावर बाजूला होऊन त्यांना वाट द्यावी लागते, हाही त्याच राज्याचा नियम.

101 च्या रुंद साइडपट्टीवर पंक्चर जास्त होतात. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसासारखी बारीक तार हे त्यांचं कारण. नुसती ट्यूब बदलली तर दहा किलोमीटरवर पुन्हा हवा जाते. टायरच्या आतून कापडाचा तुकडा फिरवा. अडकेल तिथे तार असते. ती नखाने निघत नाही, चिमटा लागतो.

लेगेटचा चढ

लेगेटला हायवे 1 सुरू होतो आणि लगेच प्रवासातला सगळ्यात उंच चढ लागतो, दोन हजार फुटांच्या जरा खाली. चढ अवघड नाही, पण लेगेट समुद्रापासून आत असल्यामुळे दुपारी पारा 35 अंशांच्या वर जाऊ शकतो. सकाळी सातला निघा. माथ्यावरून उतरलात की रॉकपोर्टचा दुसरा, छोटा चढ आहे. तो विसरून लोक पहिल्याच उतारावर सगळं खाऊन संपवतात. लेगेट ते वेस्टपोर्ट 45 किलोमीटरमध्ये दुकान नाही. तीन लिटर पाणी आणि एका जेवणाएवढं खाणं बरोबर हवं. फोनच्या रेंजवर भरवसा नको, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कडे: दरी, वळण, वारा

वेस्टपोर्टपासून पुढे रस्ता कड्यांच्या माथ्यावरून जातो, आणि दर थोड्या अंतरावर एखादा ओढा तो माथा कापून समुद्राला मिळतो. अशा प्रत्येक ठिकाणी रस्ता खाली उतरतो, तळाशी हेअरपिन वळणाने ओढा ओलांडतो आणि तितकंच वर चढतो. उताराचा वेग चढाला कामी येत नाही, कारण वळण तो खाऊन टाकतं. त्यामुळे हलका गिअर वळणात शिरण्याआधीच टाकायचा. उशीर झाला तर चढावर पूर्ण जोराने पेडल मारत गिअर बदलावा लागतो आणि चेन तुटण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त.

वाऱ्याचंही गणित याच आकारात आहे. ओढ्याकडे शिरताना रस्ता पूर्वेला वळतो, वारा पाठीशी असतो आणि आत गेल्यावर बंदच होतो. बाहेर पडताना रस्ता पश्चिमेला येतो आणि कड्याच्या टोकाला वारा उजवीकडून एकदम आदळतो, म्हणजे तुम्हाला रस्त्याच्या मधे ढकलतो. टोक यायच्या आधी दोन्ही हात हँडलवर, कोपर सैल, आणि मागे गाडी आहे का ते बघून घेतलेलं असावं.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. नाहीतर रिम किंवा डिस्क तापते आणि पकड घटते. रिम ब्रेक ओले असतील तर चाकाचे पहिले काही फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात, तेवढं अंतर हिशेबात धरा.

दाट धुक्यात कड्यांवर निघूच नये. ते बरेचदा नऊ-दहापर्यंत उचलतं, आणि वारा पाठीशी असल्यामुळे उशिरा निघून फारसं काही बिघडत नाही. अपवाद फोर्ट रॉस ते जेनर या टप्प्याचा. तिथे रस्ता समुद्राच्या खूप वर आहे, कडेला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि दुपारच्या झोतांत जड पॅनिअरसह तिथे असणं सुखाचं नाही. धुकं हटताच निघून दुपारच्या आत तो पार करावा. अल्बियनचा लाकडी पूलही अरुंद आहे. मागून मोठी गाडी येत असेल तर ती आधी जाऊ द्या.

मुक्काम

स्टेट पार्कच्या बऱ्याच तळांवर पायी किंवा सायकलने येणाऱ्यांसाठी वेगळी जागा असते. तिला आरक्षण लागत नाही. दर बहुतेक ठिकाणी माणशी 5 ते 10 डॉलर, राहायची मर्यादा साधारण एक-दोन रात्री. सुटे डॉलर जवळ ठेवा, पैसे बरेचदा पाकिटात घालून पेटीत टाकायचे असतात. काही ठिकाणी शॉवर 25 सेंटच्या नाण्यांवर चालतो.

दिवसांची विभागणी अशी सोयीची पडते: एल्क प्रेअरी, युरेका, बर्लिंग्टन, स्टँडिश-हिकी, मॅकेरिकर, ग्वालाला, बोडेगा ड्यून्स, सॅम्युअल पी. टेलर आणि शेवटी शहर. मॅकेरिकर ते ग्वालाला हा शंभर किलोमीटरच्या आसपासचा टप्पा सगळ्यात दमवणारा. पाय साथ देत नसतील तर तो व्हॅन डॅमला तोडा आणि एक दिवस वाढवा.

तंबू थेट रेडवूडखाली लावू नका. झाडाचा शेंडा धुकं गाळतो आणि रात्रभर थेंब पडत राहतात, पाऊस नसतानाही. वाळलेल्या फांद्याही पडतात. पिसांची स्लीपिंग बॅग या दमट हवेत गोळा होते, कृत्रिम भरावाची घ्या. खाणं, टूथपेस्टसुद्धा, तळावरच्या लोखंडी पेटीत. अस्वलापेक्षा रकूनच जास्त लुटतात. अन्नाचा कणही खाली सोडू नये: कणांवर स्टेलर्स जे पक्षी वाढतात आणि ते रेडवूडच्या फांद्यांवर घरटी करणाऱ्या, आधीच धोक्यात आलेल्या मार्बल्ड मरलेट पक्ष्याची अंडी खातात. तीन-तीन पानांचं पॉयझन ओक झुडूप ओळखायला शिका. सायकल त्यात आडवी टाकली तर त्याचं तेल पॅनिअरला लागतं आणि हाताला खाज दोन दिवसांनी सुटते.

शेवटच्या दिवशी सॅम्युअल पी. टेलरपासून क्रॉस मरीन ट्रेलने निघालात तर गाड्यांपासून सुटका मिळते. पुढे फेअरफॅक्स, सॉसालिटो आणि गोल्डन गेट पूल. पुलावर सायकल कोणत्या फुटपाथवरून न्यायची हे वार आणि वेळेप्रमाणे बदलतं, तिथला फलक वाचा. पुलाच्या मनोऱ्यांना वळसा घालताना वारा आधी थांबतो आणि मग अचानक बाजूने येतो. तिथे वेग कमी ठेवा, समोरून येणारे बहुतेक जण भाड्याच्या सायकलवर असतात आणि त्यांची नजर फोटोवर असते.